तिने मागे घेतलेली साक्ष

तिला शेवटचे कपडे घालायची वेळ आली तेव्हा तिच्या भावाने पिशवीतून दोन्ही बूट काढले. काळे, पट्ट्याचे, पॉलिश करून आणलेले. ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.   तो नुसता बुटांकडे बघत उभा राहिला. शवागारातला माणूस बाहेर गेला. शेवटी मीच एक बूट उचलून पिशवीत टाकला. कोणता टाकायचा हे आधी चादर बाजूला करून बघावं लागलं. इतके दिवस तिच्या उशाशी बसूनही त्या क्षणी मला डावं-उजवं आठवेना.

मी तिला ताई म्हणायचे. नात्याने ती माझी कोणी नव्हती. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, भावाच्या घरात मागच्या खोलीत राहणारी बाई. आम्ही एकाच मंडळीत जायचो. मंडळी म्हणजे आमचं छोटंसं चर्च, टायरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. उपासना रंगात आली की खाली हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. पाळकांना त्याची इतकी सवय झाली होती की तो बंद असला की ते प्रवचनात अडखळायचे.

ताई वृद्धाश्रमात दिवसपाळीला होती. आजी-आजोबांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, कपडे बदलणं. मी तिथे दुपारी पेपर वाचून दाखवायला जायचे. साहित्यात एम. ए. झाल्यावर मिळालेली माझी ही पहिली नोकरी, तीही अर्धवेळ. आई म्हणायची, एवढं शिकून शेवटी बातम्याच वाचतेस, त्याही टीव्हीवर नाही.

ताईच्या खांद्यावर कायम एक टॉवेल असायचा. आश्रमात तिला सगळे टॉवेलबाई म्हणत. शनिवार हा तिचा पायांचा दिवस. व्हरांड्यात सगळ्यांना ओळीने खुर्च्यांवर बसवायची, स्वतः बुटक्या स्टुलावर. समोर प्लास्टिकचं घमेलं. पाणी कोमट आहे की नाही ते कोपराने बघायची. पाय भिजले की बोटांमधली फट न् फट पुसायची, नखं कापायची, टाचांना क्रीम लावायची. तळवे उलटे करून उजेडात बघायची. नव्या आयांना तिचं एक सांगणं ठरलेलं होतं. "शुगरवाल्याचा पाय दुखला तर घाबरू नका. दुखायचा थांबला तर घाबरा."

ओळीत पहिला नंबर मास्तरांचा. निवृत्त मुख्याध्यापक, तोंडाने तिखट.

"टॉवेलबाई, माझ्या पायांत एवढं बघण्यासारखं काय आहे?"

"तोंडापेक्षा बरे आहेत, मास्तर."

"शाळेत असतीस तर वर्गाबाहेर उभी केली असती."

"मग तुमची नखं कोणी कापली असती?"

मास्तर खूश व्हायचे. आठवडाभर त्यांना तिच्याशिवाय कोणी उलट उत्तर देत नसे.

येशूबद्दल ती फार बोलायची नाही. एकदाच सांगितलं होतं. तिची आई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होती. मंडळीतले लोक यायचे, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायचे, चहा घेऊन जायचे. एक दिवस एक म्हातारी बाई आली. तिने प्रार्थना केलीच नाही. आईचं पांघरूण वर सारलं आणि म्हणाली, अगंबाई, नखं केवढी वाढलीत! पिशवीतून नेलकटर काढून ती खाली बसली. "मला येशू तेव्हा कळला," ताई म्हणाली. "त्याच्या हातात नेलकटर होतं."

तिचा धर्म तिथून सुरू झाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला, हाताएवढा. एकदा दिवसभराच्या दमणुकीत ती एका आजींवर खेकसली. अंथरूण पुन्हा ओलं झालं होतं. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिला चैन पडेना. बस पकडून परत आली, आजींचा हात धरून माफी मागायला. आजी तोवर सगळं विसरल्या होत्या. "कशाबद्दल गं?" ताईने कशाबद्दल ते सांगितलं. आजींना नव्याने राग आला आणि त्यांनी तिला नव्याने झापलं. हे मला तीच हसत हसत सांगायची. "पण झोप लागली बघ त्या दिवशी."

एक गोष्ट मात्र तिला अजिबात जमायची नाही. कुणाकडून काही घेणं. थंडीत तिला स्वेटर दिला तर पुढच्या आठवड्यात तो आश्रमातल्या एखाद्या आजोबांच्या अंगावर दिसायचा. शेजाऱ्याने नळ दुरुस्त करून दिला, तर हिने त्याच्या घरचे सगळे पडदे धुऊन दिले. आई म्हणायची, तिला वाढदिवसाला काही देऊ नये, आपल्याच घरी परत येतं, इस्त्री होऊन.

एकदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं.

तिला शुगर होती, बरीच वर्षं. गोळ्या घ्यायची, कधी विसरायची. गेल्या थंडीच्या आधी तिच्या पायांची आग व्हायला लागली. निखाऱ्यांवर उभं केल्यासारखं वाटतं, म्हणायची. चादरीचा स्पर्शही सोसायचा नाही. आश्रमात उभ्याउभ्या ती एक पाय दुसऱ्यावर ठेवायची, बगळ्यासारखी. मास्तर विचारायचे, मासा सापडला का? शेवटी एका रविवारी ती मंडळीत पुढे गेली आणि पाळकांना म्हणाली, माझ्या पायांसाठी प्रार्थना करा. हॉलमध्ये सगळे चमकले. ताई मागते आहे! सगळेच पुढे आले. तिच्या डोक्यावर, खांद्यावर इतके हात होते की ती दिसेनाशी झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आग थांबली. ताई पहाटे जागी झाली आणि पाय शांत होते. ती अंथरुणात उठून बसली आणि रडली. खोलीत कोणीतरी आहे असं तिला वाटलं. घाबरायला झालं नाही. "आई असतानासारखं वाटलं," ती म्हणाली. पुढच्या रविवारी तिने साक्ष दिली. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो.  लोकांनी टाळ्या वाजवल्या. खालचा टायरवालासुद्धा वर डोकावून गेला.

मागच्या रांगेत एका वॉचमनची बायको बसली होती. ती मंडळीत नवी होती. नवऱ्याला किडनीचा आजार. त्या दिवशी ती ताईच्या गळ्यात पडून रडली. त्यानंतर दर रविवारी ती ताईशेजारी बसायला लागली. कुणी विचारलं तर सांगायची, मी हिच्या साक्षीवर उभी आहे.

आमच्या मंडळीत वर्षातून एका संध्याकाळी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. येशूने शिष्यांचे धुतले होते म्हणून. दोघादोघांच्या जोड्या. एकाने खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने खाली. मग अदलाबदल. ताई नेहमी आधी खाली बसायची. अदलाबदलीची वेळ आली की पाणी गार झालेलं असायचं, किंवा टॉवेल कमी पडलेले असायचे, आणि ती उठून निघून जायची. परत येईपर्यंत गीत सुरू झालेलं असायचं. वर्षानुवर्षं हेच. लोक हसायचे, पाळक कौतुक करायचे. तिचे पाय आमच्यातल्या कुणी कधी पाहिले नव्हते.

यंदा माझी जोडी तिच्याशी होती. तिने माझे पाय धुतले. आश्रमात धुते तसेच, बोटांमधल्या फटींसकट. मग घमेलं उचलून उठली.

"बस," मी म्हटलं.

"पाणी गार झालंय गं."

"असू दे गार."

"मला सर्दी झालीय."

"पायाला?"

शेजारच्या जोड्या हसल्या. ती बसली. तिने डावा बूट काढला, डावा मोजा काढला. मी तो पाय धुतला. गोरा, टणक, भेगाळलेला पाय. उजव्या बुटाला मी हात लावला तेव्हा तिने पाय मागे घेतला. पण बूट माझ्या हातात आला होता. मोज्याचं टोक ओलं होतं. पाण्याने नाही. पिवळट.

तिने वाकून बूट घेतला आणि घातला. "बास आता. एक पाय धुतला की पुरतं," ती मोठ्याने म्हणाली. पाळक लांबून म्हणाले, "राहू द्या हो, तिला सेवाच आवडते." सगळे पुन्हा हसले. तीही हसली. गीत सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचायचे सोडून कपडे धुण्याच्या खोलीत गेले. ती चादरी मशीनमध्ये कोंबत होती. मी दार लावून घेतलं.

"दाखव."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि ती उलट्या बादलीवर बसली. मोजा हळूहळू सोलावा लागला. अंगठ्याखाली, तळव्याला, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं भोक होतं. कडा पांढऱ्या. आत काळं. वास आला. मग मी बुटात हात घातला. आतून एक खिळा वर आला होता. ती त्यावर किती दिवस चालत होती, तिलाही सांगता येईना.

"दुखत नाही गं," ती म्हणाली.

"नव्या आयांना काय सांगतेस तू?"

तिने मोजा वर ओढायला घेतला.

"ताई, काय सांगतेस?"

"ते शुगरवाल्यांचं."

"मग तुला काय आहे?"

"मला प्रभूने बरं केलंय," ती म्हणाली. पण खाली बघून.

"बरं नाही केलं, ताई. नसा मेल्यात. म्हणून आग थांबली."

मशीन चादरी पिळायला लागलं. जमीन हादरत होती.  ते थांबल्यावर तिने विचारलं, "हे तुला कधीपासून वाटतंय?"

"काल मोजा बघितल्यापासून."

"मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय," ती म्हणाली.

मला वाटलं होतं तिला माहीत नाही. मी तिला समजवायला गेले होते. 

"एकदा घमेल्यात पाय घातला तर लाल झाला," ती सांगत होती. "पाणी उकळतं होतं. मला कळलंच नाही. तेव्हाच ओळखलं. पण म्हटलं, जाऊ दे. मी सगळ्यांसमोर सांगून बसले होते ना. ती वॉचमनची बायको माझ्याकडे बघून उभी आहे. तिला काय सांगू, प्रभूने दिलं आणि मग काढून घेतलं? की दिलंच नव्हतं?"

"दवाखान्यात चल. आत्ता."

"रविवारी."

"ताई!"

"साक्ष सगळ्यांसमोर दिली. मागे घ्यायची तीही सगळ्यांसमोरच. आधी गेले तर पायाला पट्टी दिसेल, लोक विचारतील, आणि मी काहीतरी खोटं सांगेन. मला माहीत आहे मी सांगेन. पुष्कळ दिवस तेच करतेय."

मी संध्याकाळी तिच्या भावाला सांगितलं. तो तिच्या खोलीत जाऊन इतका ओरडला की शेजारी बाहेर आले. "पाय तुझा आहे की मंडळीचा?" तिला उचलून न्यायची भाषा केली. ती पलंगावर बसून राहिली. "रविवारी हॉलच्या दारातूनच ने मला," म्हणाली. "तू गाडी घेऊन खाली थांब." तो माझ्याकडे वळला. "तुमचा येशू हेच शिकवतो का?"  पुढे डॉक्टर म्हणाले की दोन दिवस थांबल्याने काही बिघडलं नाही, जे बिघडायचं ते आधीच बिघडलं होतं. भावाला ते पटलं की नाही, मला माहीत नाही.

रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा ती उठली. रविवारचे काळे बूट घातले होते. लोक आधीच हसऱ्या चेहऱ्याने सावरून बसले.

ती म्हणाली, "मागे मी इथे उभी राहून सांगितलं की प्रभूने माझे पाय बरे केले. ते तसं झालं नव्हतं. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं, तरी मी गप्प बसले. माझ्या पायाला जखम आहे आणि ती मला कळत नाही. यात प्रभूची चूक नाही. माझी आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या मी परत करते."

कुणाला काय करावं कळेना. साक्ष दिली की आम्ही टाळ्या वाजवतो. मागे घेतली की काय करायचं, ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. एका आजोबांनी सवयीने 'आमेन' म्हटलं आणि बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. पाळकांनी माईक उचलला आणि परत ठेवला. त्या दिवशी कॉम्प्रेसरही बंद होता.

मग मागून आवाज आला. वॉचमनची बायको उभी होती.

"ताई, मग मी काय करू?"

ताईने तिच्याकडे बघितलं.

"मी ह्यांच्या गोळ्या बंद केल्यात," ती म्हणाली. "तुमचं ऐकलं तेव्हापासून. म्हटलं, तुमचे पाय बरे झाले तर ह्यांची किडनी का नाही होणार?"

मी ताईचा चेहरा नंतर पाय कापायच्या वेळीही पाहिला. शेवटच्या दिवशीही पाहिला. पण त्या क्षणासारखा तो पुन्हा कधी झाला नाही. ती खाली उतरली, खुर्च्यांच्या मधून चालत मागे गेली. लंगडत नव्हती. लंगडण्यासाठी दुखावं लागतं.

"आजच सुरू कर," ती म्हणाली. "घरी जाऊन आधी गोळी दे."

"तुमच्यावर भरवसा ठेवला मी."

"माझ्यावर नको ठेवूस गं, बाई. माझ्यावर नको."

"मग कुणावर?"

खालून हॉर्न वाजला. ताईचा भाऊ. पुन्हा वाजला. ताई म्हणाली, "मी येईन तुझ्याबरोबर त्याच्या डॉक्टरकडे. उद्याच जाऊ." आणि ती माझा हात धरून जिना उतरली.

उद्याच काय, ती पुन्हा कुठेच जाऊ शकली नाही. हाडात पू गेला होता. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. त्यानंतर विष रक्तात पसरलं. डॉक्टर तरुण होते. अडखळत बोलायचे. शेवटी फक्त भावाच्या पाठीवर हात ठेवायला लागले.

वॉर्डात तिला आया पुसायची, कूस बदलायची. ताईला ते सहन व्हायचं नाही. दर वेळी म्हणायची, "तुम्हाला माझ्यामुळे त्रास."

"मावशी, गप पडा. हे काम आहे माझं."

"मीपण हेच म्हणायचे," ताई म्हणाली. "ऐकताना किती वाईट वाटतं ते माहीत नव्हतं."

रोज सकाळी ती मला आधी एकच विचारायची. वॉचमन कसा आहे? मला माहीत नसायचं. बायको मंडळीत येत नव्हती, फोन उचलत नव्हती. मी सांगायचे, बरा असेल. ती म्हणायची, "असेल नको सांगूस."

मास्तरांनी निरोप दिला होता की त्यांची नखं वाढली आहेत, टॉवेलबाईने लोळणं पुरे करावं. मी तो सांगितला. ती म्हणाली, "तू काप." मी घमेलं घेऊन स्टुलावर बसले. पाणी आधी जास्त गरम झालं, मग जास्त गार. करंगळीला रक्त काढलं.

"तुझं शिक्षण कशात झालंय?" मास्तरांनी विचारलं.

"साहित्यात."

"दिसतंय."

मग ते दुसरीकडे बघायला लागले. "पाय काढला म्हणे तिचा," म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी दुसरा पाय पाण्यात घातला.

एका दुपारी वॉर्डाच्या दारात वॉचमनची बायको दिसली. ती आत येईना. ताईनेच हाक मारली. ती पलंगाच्या पायथ्याशी आली, पांघरुणाचा सपाट भाग बघितला आणि डोक्याकडच्या बाजूला सरकली.

"गोळी दिलीस का त्याला?"

"त्याच दिवशी दिली. पण सूज आहे अजून. ताई, एक मागायला आले."

"काय?"

"प्रार्थना करा ह्यांच्यासाठी."

ताईने मान हलवली. "पाळकांना सांग, बाळ. मी नको."

"पाळकांचं काय करू? तुमचीच हवी."

"माझ्या प्रार्थनेचं काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं," ती म्हणाली. "म्हणून तर इतके दिवस आले नाही. भांडायला येणार होते. जिन्यावर विचार बदलला."

ताई छताकडे बघत होती. ती करणार नाही असं मला वाटलं. तिने करू नये असंही वाटत होतं. मग ताईने वॉचमनच्या बायकोचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले.

"प्रभू, ह्याला गोळ्या लागू पडू देत. दुखणार असेल तर दुखू दे, पण कळू दे. आणि हिला त्याला मोठ्या डॉक्टरकडे न्यायची बुद्धी दे."

वॉचमनच्या बायकोने डोळे उघडले. "नेलंय हो ताई. खालीच बसलेत नंबर लावून."

"अगं मग आधी सांगायचं."

दोघी हसल्या. हसताना ताईला खोकला आला आणि तो थांबेना. नर्स आली. वॉचमनची बायको निघून गेली. जाताना ती पांघरुणावरून ताईच्या उरलेल्या पावलाला हात लावून गेली.

खोकला थांबल्यावर मी तिच्याजवळ बसले. मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं.

"अजून मागतेस त्याच्याकडे?" मी म्हटलं.

"मग काय, मागायचंच नाही?"

"तुला काय दिलं त्याने?"

तिचे ओठ कोरडे पडले होते. मी चमच्याने पाणी दिलं. तिने ते निमूटपणे घेतलं. मग हळूच म्हणाली, "पायाचं मला काही वाटत नाही. खरंच. वॉचमनचं वाटतं. आणि त्या पहाटेचं."

"कुठल्या?"

"आग थांबली त्या पहाटेचं. मला वाटलं, तो खोलीत आहे. आयुष्यात एकदाच तसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हा नसा मरत होत्या. तू पण तेच म्हणालीस. मग तो आला होता की नव्हता?"

मी कथा-कादंबऱ्या वाचण्यात वर्षं घालवली आहेत. मरणाऱ्या माणसाला काय सांगतात ते मी शंभर ठिकाणी वाचलं आहे. आला होता, असं म्हणणं सोपं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती आणि तिने नुकतीच सगळ्यांसमोर एक साक्ष मागे घेतली होती.

"मला माहीत नाही, ताई."

"मलाही नाही गं," ती म्हणाली. "आधी माहीत होतं."

तिने डोळे मिटले. संध्याकाळी ताप चढला. त्यानंतर ती बोलली, पण ते माझ्याशी नव्हतं. आईला पाणी कोमट आहे का ते विचारत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, भाऊ चहा आणायला गेला असताना, ती गेली.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले की आता ती धडधाकट आहे, दोन्ही पायांवर उभी आहे. त्यांना रडू आवरत नव्हतं. त्यांचं तिच्यावर खरंच प्रेम होतं. तिचा भाऊ मातीकडे बघत होता. तो आमच्या प्रार्थनेला थांबला नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी हॉलमध्ये गेले. जाणार नव्हते. पाय तिकडे वळले. साक्षीची वेळ झाली. पाळकांनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का? कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. लोक गीतांची पुस्तकं चाळायला लागले.

तेव्हा वॉचमनची बायको उठली. तिच्या शेजारी एक सुजलेल्या चेहऱ्याचा माणूस बसला होता, गणवेशाचा शर्ट घातलेला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

ती म्हणाली, "ह्यांना अजून बरं नाही. डॉक्टरांनी डायलिसिसच्या मशीनवर घ्यायला सांगितलंय. तरी आलेत." ती थोडी थांबली. अजून काही बोलेल असं वाटलं. "एवढंच," म्हणाली आणि खाली बसली.

तो माणूस संकोचला. मग त्याने मान थोडी झुकवली, ओळख करून दिल्यावर झुकवतात तशी.

पाळकांनी गीत सुरू केलं. सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले. पुस्तक उघडं धरलं होतं, पण मला गाता आलं नाही.